‘आधी नोंदणी करा’ या उत्तरानंतर

दत्तक घ्यायचं ठरवलेलं जोडपं पहिली चौकशी बहुधा दत्तक संस्थेला फोन करून करतं. कित्येक महिने मनात घोळत असलेली गोष्ट मोठ्या धीराने बोलायची असते, आणि पलीकडून उत्तर येतं, “आधी ऑनलाइन नोंदणी करा. तुमचा नंबर आला की कळेल.” बोलणं दोन मिनिटांत संपतं. “त्यांना आपल्यात काही रसच नाही” ही तक्रार मी छत्रपती संभाजीनगरच्या जोडप्यांकडून ऐकते, तशी पैठण, गंगापूर, कन्नडहून येणाऱ्यांकडूनही. तक्रार खोटी नाही, दुखावलेपण तर अगदी खरं आहे. पण त्यातून काढलेला अर्थ बहुतेक वेळा चुकीचा असतो, आणि त्या चुकीच्या अर्थापायी चांगली घरं मागे फिरतात. म्हणून हा लेख आहे संस्था आणि कार्यालयं काय उत्तरं देतात, ती तशी का देतात आणि त्यावर आपण काय करायचं याबद्दल.

पूर्वी प्रत्येक संस्थेची आपापली प्रतीक्षा यादी असायची. ओळखीने जाता यायचं, संस्थेत नाव लिहून ठेवता यायचं. २०१५ पासून ते बदललं. आता देशभरातली नोंदणी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या पोर्टलवर होते आणि त्या नोंदणीच्या तारखेवरून क्रम लागतो. शहरातली संस्था ठरवूनही तुम्हाला आपल्याकडचं बाळ देऊ शकत नाही. तिच्याकडचं बाळ नागपूरच्या किंवा केरळच्या घरी जाऊ शकतं आणि तुमच्या घरी येणारं मूल दुसऱ्याच जिल्ह्यातलं असू शकतं. फोन उचलणारी ताई त्याच वेळी दहा-बारा तान्ह्या बाळांचं दूध, लसीकरण, दवाखाना बघत असते. तिचं तुटक उत्तर हे नकाराचं उत्तर नाही, नियमाचं उत्तर आहे. ते ऐकून वाईट वाटून घेण्यापेक्षा त्याच दिवशी पोर्टल उघडलेलं बरं, कारण तुमची रांग फोनपासून नाही, नोंदणीपासून सुरू होते.

नोंदणी करताना घराजवळची संस्था निवडायची असते, ती गृहभेटीसाठी. आपल्या शहरात साकार आणि भारतीय समाज सेवा केंद्र ही नावं दत्तकाच्या कामात लोकांना ठाऊक आहेत. तरी निवड कुणाच्या सांगण्यावरून करू नका. पोर्टलवर मान्यताप्राप्त संस्थांची यादी दिसते, त्यातूनच करा. नोंदणीनंतर ३० दिवसांत कागदपत्रं चढवावी लागतात. कुटुंबाचा फोटो, पॅन, जन्मतारखेचा आणि राहत्या पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, लग्नाचा दाखला. घटस्फोट झालेला असेल तर त्याचा हुकूम, जोडीदार गेलेला असेल तर मृत्यूचा दाखला. लग्नाची नोंदणीच केलेली नाही अशी जोडपी अजूनही पुष्कळ भेटतात. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत ते काम आधी उरकून घ्या.

पात्रतेचे आकडे मात्र आधीच बघून ठेवा, नाहीतर नंतर मनस्ताप होतो. दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५ पेक्षा जास्त चालत नाही. चार वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ९०, आठ वर्षांपर्यंत १००, त्यापुढे ११०. एकट्या व्यक्तीसाठी हेच आकडे अनुक्रमे ४०, ४५, ५० आणि ५५ आहेत. मूल आणि पालक यांच्यात किमान २५ वर्षांचं अंतर हवं. लग्नाला निदान दोन वर्षं झालेली आणि संसार स्थिर असावा. एकटी स्त्री, मग ती अविवाहित असो, विधवा असो की घटस्फोटित, मुलगा किंवा मुलगी कुणालाही दत्तक घेऊ शकते. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. लग्नाला पंधरा-सोळा वर्षं झाल्यावर, सगळे उपचार संपल्यावर चाळिशीच्या मध्यावर येणारी जोडपी तान्हं बाळच मागतात, आणि बेरीज ९१ भरल्यावर त्यांना धक्का बसतो. संस्थेने हे सांगितलं तर ती तुमच्या वयाचा अपमान करत नाही. मूल विशीत येईल तेव्हा त्याचे आईवडील किती वर्षांचे असतील, हा हिशेब कुणीतरी करायलाच हवा.

आता गृहभेट. इथे जोडपी सर्वांत जास्त घाबरतात आणि सर्वांत जास्त चुकतातही इथेच, म्हणून जरा थांबून सांगते.

कागदपत्रं पूर्ण झाल्यावर ६० दिवसांत गृह अध्ययन अहवाल व्हायचा असतो. संस्थेची समाजसेविका घरी येते. दोघांशी एकत्र बोलते, वेगवेगळं बोलते, घरातल्या इतरांशी बोलते. घरात पाच वर्षांहून मोठं मूल असेल तर त्याचीही संमती विचारते. एकटी पालक असेल तर, उद्या तिचं काही झालं तर मुलाला जो सांभाळेल अशा जवळच्या नातेवाइकाचं लेखी हमीपत्र मागते. लोकांना वाटतं ही परीक्षा आहे, म्हणून घर रंगवून घेतात, नवे पडदे लावतात, आणि ज्या सासूबाईंना हा विचार पटलेला नाही त्यांना त्या दिवशी मुद्दाम मुलीकडे धाडून देतात.

गारखेड्यातल्या एका घरातली भेट मला सांगावीशी वाटते. पोहे झाले, चहा झाला, फाइल पुढे सरकवून झाली. समाजसेविकेने फाइल बाजूला ठेवली आणि आतल्या खोलीच्या दारात उभ्या असलेल्या आजींना बोलावून घेतलं. “आजी, बाळ आल्यावर शेजारच्या बाईंनी विचारलं, कुणाचं आणलंत, तर काय सांगणार?” सून एकदम सावध झाली. मुलगा उत्तर द्यायला पुढे सरसावला. आजी पदराशी चाळा करत म्हणाल्या, “ते अजून ठरलं नाही बाई आमच्यात. मला विचारलंच नाही कुणी.” सून पांढरीफटक पडली, आता सगळं संपलं असं तिला वाटलं. समाजसेविकेने ते शांतपणे लिहून घेतलं आणि सांगितलं, “मग ठरवा. सगळ्यांनी एकत्र बसा, मी पुन्हा येते.” दुसऱ्या भेटीत आजींचे स्वतःचे प्रश्न तयार होते. मुलाला कधी सांगायचं, भाऊबंद काय म्हणतील, शेतीच्या वाटणीत काय. त्या घराचा अहवाल चांगला गेला. आजींनी खरं सांगितलं, आणि घराने त्या खऱ्यावर काम केलं.

समाजसेविका बघत असते ते हे. घर स्वतःचं की भाड्याचं, हप्ते चालू आहेत की फिटलेत, यावर अहवाल अडत नाही. उत्पन्न नियमित आहे आणि मुलाच्या खर्चाचा विचार केलेला आहे एवढं पुरतं. थायरॉइड आहे, साखर आहे आणि औषधाने ती ताब्यात आहे, तर तसं डॉक्टरांकडून लिहून आणा. लपवलंत आणि नंतर कळलं तर संशय त्या आजाराचा राहत नाही, तुमचा राहतो. टेस्ट ट्यूब बेबीसाठीचे उपचार अजून चालू असतील तर तेही सांगा. एक हात उपचारावर आणि एक दत्तकावर ठेवलेलं घर संस्थेला काळजीचं वाटतं, कारण उपचार यशस्वी झाले तर आलेल्या मुलाचं काय, हा प्रश्न उरतो. आणि नवरोजींसाठी खास: “हिला हवंय म्हणून मी तयार झालो” हे वाक्य तुम्हाला प्रेमाचं वाटतं, पण समोरच्या बाईला त्यात एकच पालक दिसतो. तुम्हाला स्वतःला मूल हवंय का, हे भेटीच्या आधी स्वतःशी नक्की करा.

“मूल चिडलं, त्याने हात उगारला तर काय कराल?” असं विचारलं की बहुतेक जण म्हणतात, आम्ही कधीच रागावणार नाही. असं उत्तर कुणालाच खरं वाटत नाही. आपल्या भाच्या-पुतण्यांना तुम्ही कसं सांभाळता, तुमच्या आईवडिलांनी तुम्हाला कसं वाढवलं, त्यातलं काय नको वाटतं, यावर बोला. अहवाल तीन वर्षं वैध राहतो. मधल्या काळात नोकरी बदलली, घर बदललं, कुणी आजारी पडलं, घरात मूल जन्मलं, तर संस्थेला स्वतःहून कळवा.

यानंतर येतं ते वाट पाहणं. इथे संस्थेचं उत्तर म्हणजे शांतताच असते, आणि ती शांतता माणसाला पोखरते. “अनाथाश्रम मुलांनी भरलेत, मग आम्हाला मूल का मिळत नाही?” हा प्रश्न प्रत्येक जोडपं विचारतं. खरं असं की संस्थांमधली बहुसंख्य मुलं दत्तक जाण्यासाठी मोकळी नसतात. कुणाची आई जिवंत आहे पण आजारी आहे, कुणाचा बाप तुरुंगात आहे, कुणाचे नातेवाईक शोधणं चालू आहे. बाल कल्याण समितीने मूल कायद्याने मुक्त जाहीर केल्याशिवाय ते दत्तक देता येत नाही. सापडलेलं बाळ दोन वर्षांच्या आतलं असेल तर पालकांचा शोध घेऊन दोन महिन्यांत, मोठं असेल तर चार महिन्यांत हा निर्णय व्हायचा असतो. आईने स्वतः समितीपुढे सोपवलेलं बाळ असेल तर तिला पुन्हा विचार करायला ६० दिवस मिळतात. त्या ६० दिवसांत एखादी आई परत येते आणि बाळ घेऊन जाते. त्याबद्दल कुणीही हळहळू नये असं मला मनापासून वाटतं. ते तुमचं बाळ गेलेलं नसतं. एका आईला तिचं बाळ परत मिळालेलं असतं.

बाकी गणित सरळ आहे. देशात २०२४-२५ या वर्षात ४,५१५ मुलं दत्तक गेली आणि हा अलीकडच्या बऱ्याच वर्षांतला उच्चांक मानला गेला. रांगेत उभी कुटुंबं आहेत तीस हजारांहून जास्त. निरोगी तान्हं बाळ मागणाऱ्यांना तीन वर्षांहून अधिक थांबावं लागतं ते यामुळे. त्यात संस्थेचा हात नाही, ओळखीचाही उपयोग नाही. आमदारांचं पत्र आणू नका. त्या पत्राने रांगेतला एकही नंबर पुढे सरकत नाही, उलट घराबद्दलचं मत बिघडतं.

या काळात आठवड्याला फोन करण्यापेक्षा काही महिन्यांनी एकदा, नोंदणी क्रमांक हाताशी ठेवून, नेमकं विचारा. आमचा अहवाल कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे? नूतनीकरणाला काय लागेल? पोर्टलवरचा आमचा मोबाइल नंबर आणि ईमेल बरोबर आहे का? अशा प्रश्नांना नीट उत्तर मिळतं. “एकदा येऊन बाळं बघू का?” याला नाही म्हणतात, आणि ते योग्यच आहे. तान्ह्या बाळांना संसर्ग लवकर होतो. शिवाय मूल ही बघून पसंत करायची गोष्ट नाही. वाढदिवसाला संस्थेत फळं वाटायची इच्छा असेल तर जरूर द्या, पण त्याचा आणि आपल्या अर्जाचा संबंध कुणाच्याही मनात, स्वतःच्याही, ठेवू नका.

मग एखाद्या दिवशी मोबाइलवर निरोप येतो. पोर्टलवर मुलाचा फोटो, त्याची माहिती, वैद्यकीय तपासणीचा अहवाल दिसतो. राखून ठेवायला ४८ तास असतात. हे तास दोन-दोन, तीन-तीन वर्षं वाट पाहिलेली माणसंसुद्धा वाया घालवतात, कारण पासवर्ड सापडत नाही, ईमेल भाच्याच्या फोनवर आहे, नवरा दौऱ्यावर आहे. लॉगिन दोघांकडे ठेवा. ओळखीचे बालरोगतज्ज्ञ आधीच ठरवून ठेवा आणि त्यांना आधीच सांगून ठेवा की असा अहवाल कधीही येईल, तेव्हा अर्धा तास द्या. वैद्यकीय अहवाल आपल्या पसंतीच्या डॉक्टरांना दाखवायचा तुम्हाला हक्क आहे. अकाली जन्म, जन्मतःचं कमी वजन हे शब्द वाचून घाबरू नका. सापडलेल्या आणि सोडून दिलेल्या बाळांमध्ये ते नेहमी दिसतात. डॉक्टरांना एवढंच विचारा: आज काय आहे, त्यावर उपचार काय, आणि पाच वर्षांनी काय अपेक्षित आहे.

राखून ठेवल्यावर संस्थेत जाऊन मुलाला भेटायचं, दत्तक समितीसमोर बसायचं, स्वीकारलं तर सही करायची, याला ३० दिवस असतात. इथे संस्थेची काही उत्तरं तुम्हाला अपुरी वाटतील. “जन्म कुठला?” “माहीत नाही.” “आई कोण?” “सांगता येत नाही.” पहिलं उत्तर खरं असतं, सापडलेल्या बाळाचा मागचा इतिहास कुणालाच ठाऊक नसतो. दुसरं कायद्याचं आहे. बाळ सोपवणाऱ्या आईची ओळख गुप्त ठेवणं संस्थेवर बंधनकारक आहे. “जात कोणती?” हा प्रश्न तर विचारूच नका. पोर्टलवर जातीची निवड नाही, संस्थेकडे उत्तर नाही, आणि ज्या घराला ते उत्तर हवंच आहे त्या घराने अजून थोडं थांबावं, असं मी स्पष्ट सांगते. रंगाचंही तेच.

आणि नाही म्हणावंसं वाटलं तर म्हणा. त्यासाठी कुणी तुम्हाला दूषण देणार नाही. मनात नसताना लाजेखातर स्वीकारलेलं मूल नंतर परत संस्थेत येतं तेव्हा त्या मुलाचं जे होतं ते पाहिलेला माणूस पुन्हा कुणाला आग्रह करत नाही. मात्र अशी स्थळं जास्तीत जास्त तीनच दाखवली जातात. तिन्ही नाकारली तर वर्षभर नव्याने नोंदणी करता येत नाही. म्हणून नोंदणी करतानाच पसंती विचारपूर्वक भरा. ‘फक्त सहा महिन्यांच्या आतलं, पूर्ण निरोगी’ एवढंच लिहिणार असाल, तर तेवढीच लांब रांग तुम्ही स्वतः निवडलेली आहे.

याच्या उलट, मोठी मुलं, बहीण-भाऊ एकत्र, आणि विशेष गरजा असलेली मुलं यांच्यासाठी घरांची वाट संस्था पाहत असते. दोन किंवा अधिक मुलं घरात असलेल्या जोडप्यांना, नात्यातलं किंवा सावत्र मूल सोडलं तर, याच मुलांसाठी अर्ज करता येतो. विशेष गरजा म्हटलं की लोक एकदम मोठं अपंगत्व डोळ्यांपुढे आणतात. पण त्यात दुभंगलेला ओठ असतो, तिरळेपणा असतो, शस्त्रक्रियेने बंद होणारं हृदयाचं छिद्र असतं. भारतातून परदेशात दत्तक जाणाऱ्या मुलांत अशीच मुलं मोठ्या संख्येने असतात. त्यांना ती घरं मिळतात याचा आनंदच आहे, पण त्यांच्यासाठी मराठी घर सापडत नाही याचं मला वाईट वाटतं. मोठ्या मुलाला दत्तक घेताना पाच वर्षांपुढच्या मुलाचं मतही विचारात घेतलं जातं. मूल “मला जायचं नाही” म्हणालं तर संस्था तुम्हाला थांबवेल. त्या वेळी संस्थेवर रागावू नका. त्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याची इच्छा विचारलेली असते.

दत्तकाच्या जोडीने एक दुसरी वाट आहे, तिच्याकडे आपल्याकडे कुणी फारसं बघत नाही. तिला प्रतिपालकत्व म्हणतात, बोलीत फॉस्टर केअर. सहा वर्षांवरच्या ज्या मुलाला घरी न्यायला कुणी नाही, ज्याला भेटायला संस्थेत कुणी येत नाही, किंवा ज्याचे पालक सांभाळायला असमर्थ आहेत, त्याला काही काळ आपल्या घरी वाढवायचं. याचा अर्ज दत्तक संस्थेकडे नाही, जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जातो. कक्ष गृहभेट घेतो, त्यासाठी नेमलेली समिती शिफारस करते आणि बाल कल्याण समिती आदेश देते. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी दोन मोठे बदल केले. अविवाहित, विधवा, घटस्फोटित अशा एकट्या व्यक्तींनाही प्रतिपालक होता येतं; आणि पाच वर्षांऐवजी दोन वर्षं मूल घरात राहिल्यावर, ते कायद्याने मुक्त असेल तर, त्याच कुटुंबाला ते दत्तक घेता येतं. पण दत्तकाची रांग चुकवायला म्हणून इकडे येऊ नका. कक्षातले लोक हा हेतू पहिल्या भेटीतच ओळखतात. या वाटेने येणाऱ्या मुलाची आई कदाचित बरी होऊन परत येईल, आणि तेव्हा तुम्हाला ते मूल हसत सोडावं लागेल. एवढी तयारी असेल तर कक्षात जरूर जा. असं घर त्यांना क्वचितच मिळतं, आणि ज्यांची स्वतःची मुलं शिकून बाहेरगावी गेलीत अशा पन्नाशीच्या शिक्षक दांपत्यांची तर त्यांना फार गरज असते.

नात्यातलं मूल सांभाळत असलेल्यांनी बालसंगोपन योजनेची चौकशी याच कक्षात करावी. एक किंवा दोन्ही पालक गमावलेल्या, घरातच वाढणाऱ्या मुलासाठी राज्य सरकार दरमहा २,२५० रुपये देतं. आजोळी वाढणारी, काका-मावशीकडे असलेली पुष्कळ मुलं यात बसतात आणि घरच्यांना पत्ताच नसतो. या योजनेला सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे, ते शोभतंच. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८७४ मध्ये काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा दत्तक घेतला, तो यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला.

आता ज्या उत्तरापासून सावध राहायचं ते. “बाळ आहे एक, दवाखान्यातच आहे, आई ठेवणार नाही म्हणते, थोडा खर्च येईल.” हे सांगणारा माणूस कितीही जवळचा असो, त्या वाटेने जाऊ नका. शंभराच्या किंवा पाचशेच्या बाँडवर लिहून घेतलेलं मूल कायद्याने तुमचं होत नाही. ठरलेली पद्धत डावलून मूल दत्तक देणं-घेणं हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८० खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पैसे देऊन मूल घेणं-देणं कलम ८१ खाली येतं, त्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, आणि त्यात रुग्णालयातलं कुणी सामील असेल तर सात वर्षांपर्यंत. पोलीस येतात त्या दिवशी बाळ तुमच्या मांडीवरून उचललं जातं, तेव्हा शिक्षा बाळालाही होते. कुणी बाळ ठेवू शकत नाही असं कळलं तर १०९८ वर फोन करा किंवा बाल कल्याण समितीला सांगा. ती आई गुन्हेगार ठरत नाही, तिचं नाव बाहेर येत नाही.

नात्यातलं मूल दत्तक घ्यायचं असेल तर वेगळी सोय आहे. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ खाली नोंदणीकृत दत्तकपत्राने ते करता येतं, किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत पोर्टलवर नोंदवून करता येतं. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांनाही बाल न्याय अधिनियमाखाली दत्तक घेण्याचा मार्ग खुला आहे. शबनम हाश्मी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हे स्पष्ट केलं. आपल्या शहरात हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण “आमच्यात चालत नाही” म्हणून पुष्कळ जण विचारायलाच येत नाहीत. घ्यायचं की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय. पण कायद्याने दार बंद नाही.

आणि संस्था किंवा कार्यालय खरोखरच चुकत असेल तर? तेही होतं. कागद हरवतात, गृहभेटीची तारीख उलटून जाते, एकट्या बाईला नको ते प्रश्न विचारले जातात. अशा वेळी आवाज चढवू नका आणि गप्पही बसू नका. नोंदणी क्रमांक, तारखा, काय ठरलं होतं आणि काय झालं, एवढंच एका पानात लिहून द्या, पोच घ्या. आधी संस्थेला, मग जिल्हा बाल संरक्षण कक्षाला, तिथेही काही झालं नाही तर राज्य दत्तक संसाधन यंत्रणेला आणि काराला. पालक म्हणून अपात्र ठरवलं तर कारणं कळवणं बंधनकारक आहे आणि त्यावर दाद मागता येते. शुल्क नियमावलीत ठरलेलं आहे, पोर्टलवर बघून घ्या. त्याहून एक रुपयाही कुणी ‘देणगी’ म्हणून मागितला तर देऊ नका, तक्रार करा. अंतिम दत्तक आदेश पूर्वी न्यायालय द्यायचं. २०२१ च्या दुरुस्तीनुसार, १ सप्टेंबर २०२२ पासून तो अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे आला आणि अर्ज दोन महिन्यांत निकाली काढायचा असतो. आदेश मान्य नसेल तर ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं, आणि मराठवाड्याच्या विभागीय आयुक्तांचं कार्यालय आपल्याच शहरात आहे.

मूल स्वीकारल्यावर आदेशाच्या आधीच, दत्तकपूर्व संगोपनात, घरी येतं. आदेशानंतर जन्म दाखल्यावर आईवडील म्हणून तुमचीच नावं लागतात. त्या दाखल्यासाठी संस्थेच्या मागे लागा, शाळाप्रवेशापर्यंत थांबू नका. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी समाजसेविका भेटायला येते. त्या भेटीला पुन्हा पोहे आणि फाइल काढून “सगळं मस्त आहे” म्हणू नका. मूल रात्री ओरडून उठतं का, अनोळखी माणसाच्या कडेवर सहज जातं का, उशीखाली पोळीचा तुकडा लपवून ठेवतं का, सांगा. मोठ्या वयाच्या मुलांमध्ये हे पुष्कळ दिसतं, समाजसेविकेला ते ठाऊक असतं आणि त्यावर काय करायचं हेही. पोळी लपवणाऱ्या मुलाला रागावायचं नाही, त्याच्या हाताला लागेल असा खाऊचा डबा खोलीत ठेवायचा आणि तो रिकामा होऊ द्यायचा नाही. दत्तक असल्याचं मुलाला कधी सांगायचं, हेही याच भेटींत विचारून घ्या. शेजारून कळण्याच्या आधी, म्हणजे तीन-चार वर्षांचं असल्यापासून, गोष्टीसारखं थोडं थोडं. अठरा वर्षांचं झाल्यावर त्याला आपलं मूळ शोधावंसं वाटलं तर तो अर्ज कारा, राज्य यंत्रणा आणि संस्थेमार्फतच होतो, म्हणून दत्तक आदेशाची प्रत, बाल अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय अहवाल एका फाइलमध्ये नीट जपून ठेवा आणि ती फाइल कुठे आहे ते घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवा.